नखाएवढं हिरवं

थंडोबा हे नाव त्याला कामावर मिळालं. गावाच्या टोकाला, मालगाडीच्या रुळांपलीकडे, एक मोठं बिनखिडक्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. तळमजल्यावर गाजरं, वर सफरचंदं, आणि त्या सगळ्यांना गार ठेवणारी यंत्रं सांभाळणारा हा मेकॅनिक. एका उन्हाळ्यात मोठा कॉम्प्रेसर बंद पडला. मुकादम ओरडायला लागला, मालक डोक्याला हात लावून बसला, आणि हा मात्र डबा संपवून, हात धुऊन, पुसून मग उठला. यंत्र संध्याकाळच्या आत सुरू झालं. घाई केली असती तरी तेवढाच वेळ लागला असता हे सगळ्यांना पटलं, पण माणसाने निदान चेहऱ्यावर तरी घाई दाखवावी अशी जगाची अपेक्षा असते. ती त्याने पुरी केली नाही. तेव्हापासून थंडोबा.

घरी हे नाव बायकोने आणलं. ती एकदा विसरलेला डबा द्यायला गेली आणि नाव घेऊन परत आली. तिला ते इतकं आवडलं की त्याचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं असतं. पण लाइटचं बिलही सासूबाईंच्या नावाने यायचं.

कारण घर सासूबाईंचं होतं आणि हा घरजावई. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, आणि ग्रहाशी वागायची एकच रीत असते, लांबून हात जोडायचे. सासूबाई एकाच छपराखाली राहून वर्षानुवर्षं लांबून हात जोडत आल्या होत्या. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की त्या नळवाल्याला बोलवत. नळवाला ओट्याखाली आडवा पडून घाम गाळी, आणि बैलाएवढे कॉम्प्रेसर उघडून पुन्हा बसवणारा हा माणूस बाहेर खुर्चीत बसून चहा पीत असे. उठायला गेला की आतून आवाज यायचा, "जावईबापू, तुम्ही राहू द्या."

'तुम्ही राहू द्या' या तीन शब्दांपुढे त्याचं काही चालत नसे. खिळा ठोकायचा असो, बल्ब बदलायचा असो, खुर्चीचा पाय हलत असो, तुम्ही राहू द्या. तो राहू देई. मान नको असतो असं कोण म्हणेल, पण मानाच्या खुर्चीत बसून बसून माणसाची कंबर धरते. या घरात आपल्याला एकदा तरी कुणी काहीतरी काम सांगावं आणि ते आपल्या हातून नीट पार पडावं, एवढीच त्याची इच्छा होती. तो ती कुणापाशी बोलला नव्हता. बोलला असता तरी बायको म्हणाली असती, "फुकटचं सुख टोचतंय होय?"

सासूबाईंचा जीव होता तो फ्युशिया या फुलझाडांवर. हा शब्द घरात त्यांच्याशिवाय कुणाला धड म्हणता येत नसे, आणि त्या तो म्हणत नसत. फुलं कानातल्या डुलांसारखी खाली लोंबतात, वरच्या पाकळ्या लाल, आत जांभळा घेर, त्यातून खाली उतरलेले बारीक तंतू. म्हणून त्या त्यांना डूल म्हणत. मागच्या पडवीत डुलांच्या आठ कुंड्या होत्या, आणि उन्हाळ्यात पडवीत शिरणाऱ्या उंच माणसाला नमस्कार केल्यासारखं वाकूनच जावं लागे.

हिवाळ्यात मात्र त्या पडवीतलं पाणी बादलीत गोठे. डूल तर थंडीला अगदीच नाजूक, एक रात्र कडक पडली की संपले. म्हणून थंडीची चाहूल लागली की सासूबाई सगळ्या कुंड्या बैठकीच्या खोलीत आणत, हीटरला खेटून मांडत, खोडांभोवती जुन्या शालीचे तुकडे गुंडाळत आणि रोज पाणी घालत. महिनाभरात पानं पिवळी पडत. मग पांढऱ्या माश्या होत. त्या चहात पडत. वसंत येईपर्यंत निम्म्या कुंड्या रिकाम्या होत आणि उरलेल्यांतून फांद्या लावून सासूबाई पुन्हा आठ भरत. निदान दर वर्षी ठरलेलं असे: "थंडी बाधली." आणि उपायही ठरलेला, पुढच्या वर्षी हीटर आणखी जवळ.

थंडोबाला हे सगळं खुर्चीतून दिसत होतं. जन्मभर थंडीच सांभाळलेल्या माणसाला तिच्यावर घेतलेला खोटा आळ ओळखू येतो. पण तो राहू देई.

त्या वर्षी थंडी पडायच्या थोडं आधी सासूबाई पडवीच्या पायरीवरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि तो हिवाळा मुलाकडे काढायचं ठरलं, कारण मुलाच्या घराला पायऱ्याच नव्हत्या आणि सून नर्स होती. निघायच्या दिवशी त्यांना गाडीत बसवलं, पायाखाली उशी दिली, आणि तेव्हा त्यांना डूल आठवले. म्हणजे विसरल्या नव्हत्याच, पण सोपवायचे कुणावर, याचा निर्णय गाडी सुरू होईपर्यंत झाला नव्हता. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं. मुलीच्या हातून पाण्यात ठेवलेला मनीप्लँटही मेला होता. मग वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडे पाहिलं. काकूंनी लगेच गुडघा चोळला. मग बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि भिंतीसमोर जो उभा होता त्याला म्हणाल्या, "जावईबापू, तेवढं डुलांचं... बघाल का?"

"बघतो," थंडोबा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता, पण बायकोने नंतर सांगितलं की गाडी गेल्यावर तो बराच वेळ रस्त्यात हात हलवत उभा होता आणि गाडी केव्हाच वळली होती.

शिवणवाल्या काकूंनी गल्लीत बातमी पोचवली की बाई जाताना डूल जावयाच्या ताब्यात देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेला तर बेकरीवाला हळूच म्हणाला, "चांगलं आहे, एवढा विश्वास टाकला. पण घरात ठेवू नका. बँकेत ठेवा."

"तळघरात ठेवणार आहे," थंडोबा म्हणाला. "मातीत."

बेकरीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "मला सांगितलंत ते ठीक आहे. आणखी कुणाला सांगू नका."

तळघराचं त्याने उगाच ठरवलं नव्हतं. तो रोपवाटिकेत जाऊन आला होता. तिथल्या माणसाने सांगितलं, "त्यांना हिवाळाभर झोपू द्या. निम्म्यावर छाटा, पानं काढून टाका, अंधारात आणि गार जागी ठेवा. पाणी माती अगदी कोरडी पडू नये एवढंच. गोठू देऊ नका, पण ऊब दिलीत तर जागे होतील, आणि हिवाळ्यात जागा झालेला डूल फार दिवस टिकत नाही."

"गार म्हणजे किती?"

"पाच-सहा डिग्री."

थंडोबाला हसूच आलं. पाच-सहा डिग्री, अंधार, बेताची ओल. हे तर गाजराचंच पथ्य. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या कामाला त्याला जे येत होतं तेच हवं होतं. आधी त्याच्या मनात आलं की कुंड्या सरळ कामावरच न्याव्यात, थंडीपासून वाचवायला कोल्ड स्टोरेजमध्ये. पण सफरचंदांतून एक वायू सुटतो, त्याने बाकीची झाडं लवकर म्हातारी होतात, हे त्याला माहीत होतं. शिवाय मुकादमाला काय सांगणार?

रविवारी बायको बाजारात गेली होती तेव्हा त्याने काम उरकलं. ती परत आली तेव्हा पडवीत पानांचा ढीग होता, ढिगात अजून फुललेले लाल-जांभळे डूल होते, आणि पलीकडे आठ कुंड्यांत काड्या उभ्या होत्या.

तिने पिशवी खाली ठेवली. "हे काय?"

"झोपवले."

"झोपवलेस? आईनं सांभाळायला दिले होते, सोलायला नाही. ती आल्यावर मी काय दाखवू तिला, झाडू?"

"वसंतात फुटतील."

"आणि नाही फुटले तर?"

यावर त्याने पाच-सहा डिग्रीचं सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, म्हणजे पिशवीतल्या भाज्या काढून ठेवत होती. शेवटी म्हणाली, "सगळी गल्ली म्हणेल, इतकी वर्षं गप्प होता, बाई गेल्याबरोबर सूड उगवला."

तळघर छान जमलं. बॉयलरपासून लांबचा कोपरा त्याने धरला. वर रस्त्याच्या पातळीवर एक छोटी खिडकी होती, तिला झडप बसवली, झडपेला जुन्या फ्रीजचा थर्मोस्टॅट आणि एक लहान मोटर जोडली. तळघर तापलं की झडप उघडायची, बाहेरची थंडी आत यायची. फार गार झालं की मिटायची. आजवर गारवा आत कोंडून ठेवणाऱ्या माणसाने आता गारव्यासाठी दार उघडलं होतं, आणि ते काम इतकं सुबक झालं होतं की एक संध्याकाळ तो तिथे स्टूल टाकून नुसता झडप बघत बसला. बायको वरून म्हणाली, "आईच्या तळघराचं कोल्ड स्टोरेज केलंस. आता मलाही एका फळीवर ठेव."

आठवड्याने सासूबाईंचा फोन आला. पायाचं झालं, सुनेचं झालं, हवेचं झालं. मग म्हणाल्या, "जावईबापूंना दे."

"डूल कसे आहेत?"

"झोपलेत."

"म्हणजे?"

"छाटलेत. पानं काढलीत. तळघरात आहेत."

"सगळी पानं?"

"हो. पानं असली की त्यांना झोप लागत नाही."

"जावईबापू," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जिवंत आहेत ना?"

आता झोपलेला डूल आणि मेलेला डूल दिसायला सारखेच. काडी ती काडी. थंडोबा फोन तसाच ठेवून तळघरात उतरला. अंगठ्याच्या नखाने एका खोडावर हलकेच खरवडलं. वरची तपकिरी साल कागदासारखी निघाली आणि खाली ओलं, कोवळं हिरवं दिसलं, काकडीच्या सालीखाली असतं तसं. तो धावत वर आला. धावत, हे बायकोने मुद्दाम लक्षात ठेवलं.

"हिरवं आहे," तो फोनमध्ये म्हणाला.

"कुठे?"

"आत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर असेल."

हे उत्तर त्याच्या मनात कुसळासारखं रुतलं. पुढच्या वेळी त्याने फोन यायच्या आधीच खाली जाऊन दोन-तीन कुंड्या तपासून ठेवल्या. त्याच्या पुढच्या वेळी आठही. सासूबाईंना फोनवर हिरवं दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांची खात्री आठवडाभरच टिके आणि ताजी खात्री ताज्या हिरव्यावरच देता येई. मागच्या आठवड्यात जिवंत होतं म्हणून या आठवड्यात आहे असं कोण म्हणणार? कामावर तो हेच शिकला होता. दर फेरीला प्रत्येक खोलीचा काटा बघायचा, मागच्या फेरीवर विसंबायचं नाही.

कामावर तो आणखीही एक गोष्ट शिकला होता, पण ती त्याला या कामी आठवली नाही. गाजरांच्या खोलीच्या दारावर त्याच्याच हाताने लिहिलेली पाटी होती: 'आत गार आहे का हे पाहण्यासाठी दार उघडू नये.' हमाल सारखं उघडून बघत, आणि बघितलं की आत गार राहत नसे.

मग शिवणवाल्या काकू एक दिवस जिना उतरून आल्या. तळघराच्या पायऱ्याही उतरल्या. गुडघ्याने त्या दिवशी सुट्टी घेतली होती.

"जावईबुवा, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण बाईंनी विचारलं तर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असं सांगता यावं."

"बघा ना."

काकूंची नखं शिवणकामाने झिजलेली. त्यांनी गळ्यात अडकवलेली छोटी कात्री काढली आणि टोकाने खोडावर चांगली बोटभर रेघ ओढली. "अगंबाई, आहे हो हिरवं." मग शेजारच्या कुंडीवर, मग तिच्या शेजारच्या. आठवीपाशी आल्या तेव्हा त्या शिट्टी वाजवत होत्या. जाताना म्हणाल्या, "गल्लीत मी सांगते सगळ्यांना. काळजी करू नका."

त्या महिन्यात सासूबाईंचा मुलगा आईचे लोकरी कपडे न्यायला आला. तो म्हणाला, "भाऊजी, आईला बरं वाटावं म्हणून बघून जातो." तो नखं कुरतडायचा, त्यामुळे त्याने स्कूटरची किल्ली वापरली. त्याने खोडाच्या चारी बाजूंनी पाहिलं, कारण एका बाजूने हिरवं असून दुसऱ्या बाजूने नसलं तर? थंडोबाला ते शास्त्रशुद्ध वाटलं. त्यानेही पुढे चारी बाजूंनी बघायची सवय लावून घेतली.

मग कडाक्याची थंडी पडली. नळ फुटले, गाड्या सुरू होईनात. कोल्ड स्टोरेजमध्ये उलटाच प्रकार झाला, बाहेरची हवा आतल्याहून इतकी गार झाली की गाजरं गोठू नयेत म्हणून खोल्यांत हीटर लावावे लागले. थंडोबा आठवडाभर कोल्ड स्टोरेज तापवत होता आणि जेवणाच्या सुट्टीत सायकल दामटत घरी येऊन तळघर बघत होता. झडप त्याने बंदच केली. थर्मामीटरचा काटा तीनवर आला, मग दोनवर. त्याने कामावरून जुन्या प्लास्टिकच्या पडद्याच्या जाड पट्ट्या आणल्या, भिंतीशी थर्माकोल उभा केला, कुंड्या एकमेकींना चिकटवून त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळलं. काटा दीडवर आला आणि थांबला. मग हळूहळू वर चढला.

त्या आठवड्यात गल्लीतली किती झाडं गेली याला गणती नव्हती. समोरच्यांचं गुलाबाचं जुनं झाड गेलं. रोपवाटिकेतले निम्मे डूल गेले. थंडोबाचा एकही गेला नाही. तो जिना चढून वर आला तेव्हा बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपणहून दोनदा चहा दिला.

थंडी हरली होती. आता फक्त वसंताची वाट बघायची होती, आणि वाट बघताना मधूनमधून तपासायचं होतं.

कडाक्यानंतरच्या पहिल्या फोनच्या दिवशी त्याने खरवडलं तर हिरवं दिसलं नाही. तपकिरी दिसलं, कोरडं, चहाच्या चोथ्यासारखं. जरा खाली खरवडलं. तिथे होतं हिरवं. "हिरवं आहे," त्याने फोनवर सांगितलं, आणि ते खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच्याही खाली जावं लागलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. हिरवं जिना उतरावा तसं एकेक पायरी खाली चाललं होतं. थंडोबा रोज तपासायला लागला, मग कामावर जाताना आणि आल्यावर. फोनवर तो खोटं बोलत नव्हता. 'हिरवं आहे' हे दोन्ही शब्द खरे होते. कुठे आहे, हे सासूबाई आता विचारत नव्हत्या, कारण त्यांचा विश्वास बसायला लागला होता. "तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे," असंही त्या एकदा म्हणाल्या. त्या वाक्यासाठी त्याने इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि ते आलं तेव्हा त्याच्या नखात डुलाची साल होती.

एका रविवारी बायको सुकवलेले कपडे घेऊन तळघरातून जात होती. थंडोबा गुडघ्यांवर बसला होता. आठांपैकी सात खोडं मातीपर्यंत तपकिरी झाली होती. तो चमच्याने एका कुंडीतली माती बाजूला करत होता.

"काय करतोयस?"

"मूळ बघतो. मुळाला असेल हिरवं."

"मुळाला हिरवं कधी असतं?"

"पांढरं असेल मग. खरवडून बघतो."

तिने कपड्यांची टोपली खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. खोडं पहिल्यांदाच नीट पाहिली. शेंड्यापासून मातीपर्यंत, सगळ्या बाजूंनी, नखं, कात्री, किल्ली. कुणी चाकूने पेन्सिल तासायला घ्यावी आणि मधेच सोडून द्यावी तशी.

"यातले थोडे ओरखडे माझे आहेत," ती म्हणाली. "तू कामावर असताना. हेअरपिनने."

"तू पण?"

"आई मला वेगळा फोन करायची. म्हणायची, त्यांना कळू देऊ नकोस, पण एकदा बघ."

मग ती म्हणाली, "आमच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले होते." ती दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होती. "त्यांना कुणीतरी सांगितलं, तुमचा पुढचा दात हलेल. तर ते रोज जिभेने हलवून बघायचे, हलतोय का. चांगला पक्का दात होता. सहा महिन्यांनी हलला. डॉक्टरांकडे आले आणि म्हणाले, बघा, मला माहीत होतं."

थंडोबाने हातातला चमचा कुंडीच्या काठावर ठेवला. त्याच्या स्वभावातला सगळा थंडपणा त्या क्षणी उपयोगाला यायला हवा होता, पण तो आला नाही. थंडीने एकाही झाडाचं काही वाकडं केलं नव्हतं. केलं होतं ते खात्री करून बघण्याने.

"किल्ली दे तळघराची," बायको म्हणाली. त्याने दिली. तिने कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते त्याला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नसतं तर बरं, असं म्हणाली. पाणी घालायला दोघं मिळून उतरत आणि एकमेकांच्या हातांवर नजर ठेवत.

त्या आठवड्यात फोन आला. "काय म्हणतात डूल? हिरवे?"

"ठाऊक नाही," थंडोबा म्हणाला.

"म्हणजे?"

"बघितलं नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मी येतेच आहे महिनाअखेर." आणि त्यांनी पहिल्यांदाच 'जावईबापू' न म्हणता फोन ठेवला. त्याने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. आता नळवाला आणि बल्बवालाच नाही, पाणी घालायलाही बाहेरून माणूस येईल.

त्या आल्या त्या दिवशी ऊन होतं. कुंड्या पडवीत आणून ठेवल्या होत्या, दुसरीकडे ठेवून लपवण्यासारखं काही नव्हतं. सासूबाई काठी टेकत टेकत, मुलीचा हात झिडकारत, घरात न थांबता थेट पडवीत गेल्या. मागे मुलगी, मुलगा, आणि वरून आवाज ऐकून उतरलेल्या काकू. सगळ्यांच्या मागे थंडोबा.

सासूबाई पहिल्या कुंडीपाशी थांबल्या. वाकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या कुंडीपाशी गेल्या. असं आठवीपर्यंत. काकू जिन्याच्या दिशेने हळूहळू सरकत होत्या.

"हे काय केलंस?"

सगळ्यांना वाटलं मुलीला म्हणाल्या. मुलीलाही वाटलं. पण त्या मुलीकडे बघत नव्हत्या.

"मी... तापमान सगळं नीट होतं," थंडोबा म्हणाला. "कडाक्यातसुद्धा दीडच्या खाली..."

"गप्प बस. तापमान नीट होतं ते दिसतंय मला. हे कशानं केलंस?"

"नखानं."

"नखं आहेत का कुदळी? झोपलेल्या पोराला दर तासाला चिमटा काढून विचारतोस, झोपलायस का? मग ते झोपेल?"

"तुम्ही फोनवर विचारायचात," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"मी विचारीन. म्हातारी माणसं विचारतात. तू कशाला खरवडून उत्तर द्यायचं? म्हणायचं, आहेत जिवंत. झालं." त्या काठी टेकून पायरीवर बसल्या. "थंड डोक्याचा म्हणतात लोक तुला. मीच वेडी, खरं मानलं."

मुलगा मधे पडायला गेला, "आई, भाऊजींनी मेहनत घेतली गं..."

"तू बोलू नकोस. ही किल्लीची रेघ आहे. मी ओळखते. आणि ही माझ्या लेकीची पिन. आणि काकू, कुठे निघालात? ती कात्री इकडे ठेवा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत तिच्या आईने या माणसाला कधी 'गप्प बस' म्हटलं नव्हतं. गप्प बस म्हणायला माणूस आपला लागतो. पण त्याला ते त्या वेळी कळलं असेल असं तिला वाटलं नाही, कारण तो शिव्या खाण्यात गुंतला होता आणि या घरात तो त्या कामाला नवखा होता.

सासूबाई पायरीवरूनच पुढे वाकल्या आणि एका कुंडीतली माती बोटाच्या पेराने, नख न लावता, जरा दाबून पाहिली. मग दुसरीतली. तिसऱ्या कुंडीत खोडाच्या बुडाशी, मातीतून नुकतंच डोकं काढलेलं, लालसर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. पाचवीतही. आठवीत दोन. खोडं गेली होती, पण खाली मुळं कुणाच्या हाती लागली नव्हती.

"बाकीच्यांचं काय?" मुलीने विचारलं.

"आले तर येतील. नाही आले तर यांच्या फांद्या लावू." त्यांनी हात झटकला. "तळघर चुकलं नव्हतं. दर वर्षी अर्ध्या कुंड्या मीच उकडून मारते, हे मलाही दिसतं. पुढच्या थंडीत तळघरातच ठेवू. कोपरा तोच, झडप तीच." मग थंडोबाकडे वळल्या. "आणि तू उभा काय राहिलास? ती सुकलेली खोडं काप बुडापासून. बुडापासून म्हणजे कोंबाच्या वर, कोंब तोडू नकोस. माती वरची काढून नवी घाल. नवी माती मागच्या पोत्यात आहे. मग कुंड्या आत घे, अजून रात्री गार पडतंय."

"हो," थंडोबा म्हणाला आणि लगबगीने पोत्याकडे निघाला.

"अरे थांब."

तो थांबला.

"आधी नखं काप."

बायकोने नेलकटर आणून दिलं. तो पायरीवर, सासूबाईंच्या एक पायरी खाली, वर्तमानपत्र पसरून बसला आणि एकेक बोट पुढे करून कापू लागला. वर काकू मुकाट्याने जिना चढत होत्या. मुलगा गाडीतून सामान काढत होता. सासूबाई काठीवर हनुवटी टेकून, चष्म्यातून, एखादी शिवण तपासावी तशा बघत होत्या.

"झालं," थंडोबा म्हणाला.

"अंगठ्याचं राहिलं," त्या म्हणाल्या.